चालणारे आणि धावणारे

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात अण्णामामा निफाडहून आले. द्राक्षाचा माल उतरला होता, खरडछाटणीही आटोपली होती. वर्षातले हे मोजकेच दिवस असे, की मामा दुसऱ्याच्या घरी दोन रात्री मुक्काम करू शकतात. पिशवी ओट्यावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या तसाच हातात घेऊन ते परसात गेले. माणसांची खुशाली नंतर, आधी झाडांची.

माझ्या परसात तीनच झाडं आहेत. भिंतीलगत पपई, तिच्या पलीकडे अंजीर आणि नळाशी कागदी लिंबू. पपईचं खालचं पान मामांनी उलटं केलं, त्यावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याकडे बघत विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे असतील. पानं पिवळी पडायला लागली, म्हटलं उन्हामुळे. म्हणून दोन बादल्या पाणी वाढवलं."

"पाण्याचं काही नाही यात. कोळी पडलाय." त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. त्यावर हिरवट-लाल रेघ उमटली होती. "पानाच्या वरून बघ, सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके. खालून बघ, जाळी. आणि जाळीत धूळ."

खरंच होती. इतकी बारीक जाळी, की धूळ अडकली नसती तर दिसलीही नसती. समोरच्या प्लॉटवर डिसेंबरपासून इमारतीचं काम चालू आहे, त्यामुळे आमच्या गल्लीत सगळ्यावरच धूळ आहे. पपईची मी वेगळी अशी दखल घेतली नव्हती.

"कोणता कोळी, ते बघितलंत का अण्णा?" हा आवाज भिंतीपलीकडचा. आमची सामाईक भिंत छातीइतकीच उंच आहे आणि तिच्यापलीकडे सुमनबाई राहतात. त्यांनी मला नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवलं. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, तरी समोरच्याचं उत्तर पूर्ण व्हायच्या आत पुढचा प्रश्न टाकायची त्यांची सवय गेलेली नाही.

"लाल कोळी, बाई. आमच्या बागेतला जुना पाहुणा. दुसरा कोणता असणार?"

"त्याला लाल म्हणतात खरं, पण तो बरेचदा हिरवट-पिवळा असतो, पाठीवर दोन काळे ठिपके. हजाराहून जास्त जातींच्या झाडांवर जगतो तो. द्राक्ष, पपई, गुलाब, भेंडी, काही म्हणून वर्ज्य नाही. आणि तो कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात."

"पाय मोजून काय करायचंय? मारायचाय तो."

"मारायचाय म्हणूनच मोजायचे. सहा पायांवरचं औषध आठ पायांवर चालेलच असं नाही." आणि माझ्याकडे वळून, "तू फेब्रुवारीत काय घातलं होतंस गं?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. फेब्रुवारीत पपईवर पिठ्या ढेकूण आला होता, कापूस चिकटवल्यासारखा. एका दुकानात फोटो दाखवला, त्यांनी इमिडाक्लोप्रिडची बाटली दिली. मी ते पाण्यात कालवून फवारलं, उरलेलं बुंध्याशी ओतलं.

"किती घातलंस?" मामा.

"झाकणाने."

"कोणत्या झाकणाने?"

मी गप्प. मामा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आणि त्यानंतर फळं खाल्लीस?"

"दोन."

"आमच्याकडे असं झालं असतं तर कंटेनर परत आला असता." ते बाईंकडे वळले. "तुम्हाला वाटतं, आम्ही शेतकरी विषात आंघोळ करतो. बाई, २०१० साली क्लोरमेक्वाटचा अंश सापडला म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. ते कीडनाशकही नव्हतं, वेलीची वाढ रोखायचं औषध. ती शिक्षा आम्ही सगळ्यांनी भोगली. तेव्हापासून माझ्याकडे वही आहे. कोणत्या तारखेला काय मारलं, किती मारलं, तोडणीला किती दिवस राहिले. आणि ही इथे शहरात बसून झाकणानं मोजते."

मामांची ही बाजू मी आजवर लक्षातच घेतली नव्हती. फवारणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शेतकरी येतो, हातात नोझल घेतलेला. पण तो निदान तारीख लिहून ठेवतो. गच्चीवर आणि परसात मोसंबी-पपई लावणारे आपण बाटलीवरचं लेबलही वाचत नाही. त्यावर कोणत्या पिकाचं नाव आहे आणि फवारल्यावर किती दिवस फळ तोडायचं नाही, हे तिथे छापलेलं असतं.

बाईंना मात्र वेगळाच मुद्दा मांडायचा होता. "इमिडाक्लोप्रिडनं कोळी मरत नाही. उलट, ते मिळालं की मादी जास्त अंडी घालते, असं प्रयोगांत दिसलंय. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एल्मच्या झाडांना भुंगेऱ्यासाठी हेच दिलं, तर कोळी माजला. आणि या कोळ्याला खाणारे जे असतात, त्यांना ते बाधतं. म्हणजे तू घराचा राखणदार हाकलून चोराला जेवायला वाढलंस."

"पिठ्या ढेकूण तरी गेला ना?" मी म्हटलं.

"तोही न फवारता जातो. ही पपईवरची जात २००८ मध्ये कोइमतूरला पहिल्यांदा सापडली, बागाच्या बागा बसल्या. मग २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून तिची शत्रू आणली, एक मिलिमीटरही नसलेली गांधीलमाशीची बहीण, आणि बंगळुरूच्या कृषी-कीटक संस्थेनं ती वाढवून सोडली. पुष्कळ ठिकाणी ढेकूण आवरला तो तिनं. तुझ्या पपईवर ती आली असेल की नाही, हे आता कोण सांगणार? तू आधीच सगळं धुऊन काढलंस."

मामांनी तांब्या भिंतीवर ठेवला. आता ते लढायच्या पवित्र्यात होते.

"बाई, तुमचं सगळं पटतं, पण एक सांगा. थांबायला पगार लागतो. तुमची पपई गेली तर बाजारातून येते. माझी बाग गेली तर बँक येते. हा कोळी तिशीच्या तापमानात आठवड्यात अंड्याचा मोठा होतो. एकेक मादी शंभराच्या आसपास अंडी घालते. मी मित्रकीटकाची वाट बघत बसलो तर तो यायच्या आत वेल लाल."

"आणि नर भेटला नाही तरी ती अंडी घालते, हे माहीत आहे? त्या अंड्यांतून सगळे नरच निघतात. मग त्यांच्याशीच जुळवून पुढे माद्या. म्हणजे झाडावर एकटी मादी पोहोचली तरी पुरे."

"बघा. तुम्हीच माझी बाजू मांडताय."

"नाही. मी एवढंच सांगतेय, की शेवटचा कोळी तुम्ही कधीच मारू शकणार नाही. एक राहिली तरी खेळ पुन्हा सुरू. आणि जी राहते ती औषध पचवून राहिलेली असते. या जातीनं नव्वदहून जास्त औषधं पचवलीत. जगात दुसऱ्या कुठल्या किडीनं इतकी पचवली असतील असं मला वाटत नाही."

मामांना औषधांची नावं तोंडपाठ आहेत. अबामेक्टिन, फेनपायरोक्सिमेट, प्रोपरगाइट, स्पायरोमेसिफेन. एकच औषध लागोपाठ मारायचं नाही, गट बदलायचा, हेही ते सवयीने पाळतात. म्हणाले, "म्हणून तर आलटून-पालटून मारतो. पूर्वी डायकोफॉल होतं, तेव्हा एवढी कटकट नव्हती. त्याच्यावर बंदी आली."

"हो, २०२३ मध्ये. त्याआधी २०१९ मध्येच जगभरच्या बंदीच्या यादीत गेलं होतं. अण्णा, डायकोफॉल कशापासून बनायचं, माहीत आहे?"

मामांनी भुवई वर केली.

"डीडीटीपासून."

आणि मग बाईंनी भिंतीवर दोन्ही कोपरं टेकली. शाळेत त्या अशा टेकल्या की घंटा झाली तरी तास संपायचा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंदांच्या बागांत डीडीटी आलं, तोवर कोळी ही तिथे किरकोळ तक्रार होती. डीडीटीने बाकीच्या किडी मेल्या, कोळ्यावरचे शिकारीही मेले, कोळी मात्र तेवढा मेला नाही. १९५६ साली अमेरिकेच्या वनखात्याने एका सुरवंटासाठी ८ लाख ८५ हजार एकर जंगलावर डीडीटी फवारलं. पुढच्या उन्हाळ्यात फरची झाडं तपकिरी पडलेली दिसली आणि भिंगातून पाहिलं तर कोळी. रेचल कार्सनने १९६२ च्या 'सायलेंट स्प्रिंग'मध्ये हे लिहून ठेवलंय. त्या फवारणीच्याच सुमाराला कोळ्यासाठी खास औषध बाजारात आलं, ते डायकोफॉल. "म्हणजे एका औषधानं कोळी माजवला," बाई म्हणाल्या, "आणि त्याच औषधापासून तो मारायचं दुसरं केलं. कळलं?"

"कळलं. पण ह्या झाडाचं काय करू, ते सांगा," मामा म्हणाले.

मला हा प्रश्न आवडला. अशा वादात इतिहास सांगणारा नेहमी जिंकल्यासारखा दिसतो, आणि झाड तसंच उभं असतं.

बाईंचं म्हणणं सरळ होतं. पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोराचं पाणी मारायचं, दर तिसऱ्या दिवशी सकाळी. जाळी तुटते, धूळ जाते, कोळी खाली पडला की बहुतेक पुन्हा वर चढत नाही. कोळ्याला कोरडी हवा आणि धूळ मानवते, ओलावा नाही. बाकी जूनचा पाऊस बघून घेईल.

"टँकर कितीला येतो तुमच्याकडे?" मामांनी विचारलं.

मी आकडा सांगितला. बाई गप्प झाल्या. एप्रिलअखेर आमच्या गल्लीत आठवड्यातून दोनदा टँकर येतो, आणि पाइप सोडून झाडं धुणाऱ्या घराकडे सगळ्यांचं लक्ष असतं. पाण्याचा उपाय सांगणाऱ्या लेखांत ही बाजू सहसा येत नाही. मामांनीच मग मार्ग काढला. दोन लिटरचा हातपंप, दाबाचा, नोझल वळवून वरच्या दिशेने करायचं आणि पानाखालून मारायचं. पाइपने चाळीस लिटर गेलं असतं तिथे दोन लिटरात भागतं. त्या दोन लिटरात दहा मिली पातळ साबण, कपड्याची पावडर नाही. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. साबणाने अंडी सगळी मरत नाहीत, म्हणून पाच-सहा दिवसांनी पुन्हा. आधी एका पानावर करून दोन दिवस बघायचं, कारण पपईचं पान नाजूक.

"आणि गंधक?" मी विचारलं. द्राक्षाच्या भुरीवर ते गंधक मारतात हे मला ठाऊक होतं.

"उत्तम औषध. पाण्यात मिसळणारं, ८० टक्के, लिटरला दोन ग्रॅम. पण आज तुझ्याकडे पारा ३९ वर आहे. या उन्हात गंधक मारलं की पान भाजतं. आणि ज्या झाडावर तेल मारलंय, निंबाचं का असेना, त्यावर दोन आठवडे गंधक नको."

बाई हसल्या. "म्हणजे तुम्हीही थांबा म्हणताय."

"मी ऊन उतरेपर्यंत थांबा म्हणतोय. तुम्ही जूनपर्यंत म्हणताय. आणि आधी एक काम." त्यांनी खिशातून छोटी कात्री काढली. "खालची ही सात पानं आता काढून टाकायची. कोळ्याच्या कारखान्याचं आवार आहे ते. पिशवीत घालून, तोंड बांधून उन्हात."

"अण्णा, थांबा!"

बाई इतक्या जोरात म्हणाल्या की मामांचा हात तसाच राहिला. "कोळी जिथे जास्त, तिथेच त्याला खाणारे येतात. सगळ्यात खराब पान तेच सगळ्यात कामाचं असू शकतं. न बघता कापू नका."

खरा पेच इथे होता, आणि दोघांच्याही बोलण्यात तो आत्तापर्यंत आलाच नव्हता. औषध मारा की मारू नका, हा वाद सोपा आहे, कारण तो झाडापासून दूर बसून घालता येतो. हे पान काढायचं की ठेवायचं, हे मात्र पानच सांगतं.

मामांच्या शर्टाच्या खिशात दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग असतं, त्यांच्या भागातल्या बऱ्याच बागायतदारांकडे असतं तसं. त्यांनी ते मला दिलं. भिंग पानाजवळ नाही, डोळ्याजवळ धरायचं आणि पान जवळ आणायचं, हेही त्या दिवशी शिकले. आधी नुसतं धुकं दिसलं. मग शीर दिसली, एखाद्या रस्त्यासारखी, आणि शिरेच्या कडेला अंडी, काचेच्या मण्यांसारखी गोल आणि पारदर्शक. त्यांच्यामध्ये फिकट पिवळा, दोन काळ्या डागांचा एक जीव, दोऱ्यांमधून इतक्या सावकाश चालत होता की आधी मला तो मेलाय असं वाटलं.

"सगळे असेच हळू आहेत?" बाईंनी भिंतीपलीकडून विचारलं.

"हो."

"धावणारा कुणी दिसतो? नारिंगी, चकाकणारा, पाण्याच्या थेंबासारखा, अंगावर डाग नसलेला?"

सात पानांवर एकही नव्हता. फेब्रुवारीचं माझं झाकण. मामांनी विजयी मुद्रेने सातही पानं कापली, पिशवीत भरली आणि गाठ मारली. बाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्याच कसोटीवर पानं नापास झाली होती.

मग बाई म्हणाल्या, "अंजिरावर तिनं काही मारलं नव्हतं. तिथे बघा."

अंजिराच्या पानावरही कोळी होता, पण कमी. मामांना आधी वाटलं तांबेरा आहे. पुरंदरच्या अंजीरवाल्यांची ही नेहमीची डोकेदुखी, पानाखाली तपकिरी पुळ्या. भिंगातून पाहिलं तर पुळ्या नव्हत्या. मामांनी खिशातली बिलाची पावती उलटी करून पांढरी बाजू वर धरली आणि पान तिच्यावर दोनदा झटकलं. पंधरा-वीस ठिपके पडले. काही क्षण काहीच हललं नाही. मग ठिपके चालायला लागले, एकेक, म्हाताऱ्यासारखे. आणि त्यांच्यामधून एक नारिंगी ठिपका सुटला तो सरळ पावतीच्या कडेपर्यंत धावत गेला, कड ओलांडून मागच्या बाजूला आणि पुन्हा वर.

"हा बघा!" मामा ओरडले. मामांना मी इतक्या लहान गोष्टीवर ओरडताना पाहिलेलं नव्हतं.

"बहुधा निओसियुलस," बाई म्हणाल्या. "खात्रीनं नाव सांगायला सूक्ष्मदर्शक लागेल. आपल्याकडचाच आहे, तो पण कोळीच, फक्त कोळी खाणारा. युरोपात याच्या एका भाईबंदाला काचघरांसाठी विकत घेतात. तो १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीला ऑर्किडच्या रोपांबरोबर चुकून पोचला होता. आपल्याकडे विकत घ्यायची गरज नाही, मारला नाही तर असतोच."

मामांनी पावती पुन्हा पानावर झटकली, यावेळी हळू, जणू देणं परत करताहेत. आणि मग विचारलं, "हे पान काढून पपईवर लावलं तर?"

"त्याबरोबर कोळीही जाईल," मी म्हटलं.

"त्याचा तिथे काय तुटवडा आहे?" दोघं एकदमच म्हणाले.

रात्री जेवताना बेत ठरला, आणि तो ठरवताना भिंत मध्ये नव्हती, कारण बाई आमटीचं पातेलं घेऊन इकडेच आल्या होत्या. आधी पपई नुसत्या पाण्याने धुवायची, साबण नाही, कारण साबण चालणारा आणि धावणारा असा भेद करत नाही. दोन दिवसांनी, पानं कोरडी झाल्यावर, धावणारे असलेली अंजिराची तीन पानं पपईच्या देठांना लावायची. बुंध्याभोवती ओलं गवत. आठ दिवसांनी पावतीची परीक्षा.

"आणि नापास झाली तर," मामा म्हणाले, "मी सांगीन ते औषध, मी सांगीन त्या मापानं, आणि तारीख लिहायची. फळं आधी उतरवून घ्यायची."

"मान्य," बाई म्हणाल्या. त्या इतक्या चटकन मान्य करतील असं मामांना वाटलं नसावं. त्यांनी आमटी पुन्हा वाढून घेतली.

मामांनी दोन रात्रींची तिसरी केली. निघायच्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालायचे तीन चिमटे मागून घेतले आणि पपईला अंजिराची पानं लावली. लांबून झाड असं दिसत होतं की शेजारच्या लहान मुलाने विचारलं, हे झाड दोन झाडांचं आहे का.

नवव्या दिवशी फोन आला. मामांनी कसं काय विचारलं नाही. "धावणारे किती?"

मी पावती घेऊनच बसले होते. "चालणारे तेवीस, धावणारे चार."

पलीकडे शांतता. मामा हिशेब करत होते, आणि त्यांच्या मागून ट्रॅक्टरचा आवाज येत होता. "नवी पानं?"

"वरची दोन स्वच्छ आहेत. तिसऱ्यावर ठिपके."

"बाईंना विचार, तेविसाला चार पुरतात का."

मी भिंतीवरून हाक मारली. बाईंनी तिथूनच उत्तर दिलं, "त्यांना सांग, पुढच्या आठवड्यात विचारा."

"पुढच्या आठवड्यात पारा एक्केचाळीसवर जाणार आहे," मामा म्हणाले. "पंप धुऊन, भरून तयार ठेव."

मी धुऊन ठेवलाय. अजून भरलेला नाही.